भंडाऱ्याचा फोटो

बेळगावात टिळकवाडीला भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकीणबाईंनी आधार कार्ड मागितलं नाही, गाव विचारलं नाही, खाणंपिणं काय तेही विचारलं नाही. "भिंतीला पाठ लावून उभे राहा," एवढंच म्हणाल्या. मी राहिलो. समोरून एक फोटो काढला. "आता डावीकडं बघा. आता उजवीकडं." खिसेकापूचे काढतात तसे फोटो काढून झाल्यावर बाईंनी मोबाईल डोळ्यांपाशी नेऊन ते पाहिले, मग मला पाहिलं, आणि दोन्हींत फारसा फरक नाही अशी खात्री झाल्यावर किल्ली दिली. मी सदलग्याहून इथल्या पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, फिजिक्स शिकवायला आलेला माणूस. गावात मला लोक वाकून नमस्कार करत. इथे मी एक चेहरा झालो, तीन बाजूंचा.

पुढे चार वर्षं त्या घराच्या वरच्या मजल्यावर काढली. या काळात बाई जिन्यात मला थांबवून मोबाईलमधल्या फोटोशी किती वेळा ताडून पाहायच्या, त्याला गणती नाही. ताडून झालं की "हं. तुम्हीच," म्हणायच्या. तो मीच निघालो याचा त्यांना दरवेळी थोडा कंटाळा आल्यासारखा वाटायचा.

बाईंना फिट यायची. लहानपणापासून. एक फिट सगळ्यांना दिसणारी: धाडकन पडणं, हातपाय झाडणं, तोंडाला फेस. दुसरी कुणाच्या लक्षातही न येणारी. बोलता बोलता बाई थांबायच्या, ओठ चघळल्यासारखे करायच्या, पदराची कड चिमटीत चोळत राहायच्या आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू व्हायच्या, पण मधलं काही त्यांना ठाऊक नसायचं. या दोघींनी मिळून त्यांच्या आठवणींची चाळण करून टाकली होती. बाई शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या. तह, लढाया, सनावळ्या अजून तोंडपाठ. पण मागच्या दिवाळीला घरी कोण आलं होतं म्हणून विचारलं तर पाटी कोरी. डॉक्टरांनी सांगितलं होतं की गोळ्यांनी फिट कमी होईल, पण गेलेलं परत यायचं नाही. फोटो काढत जा, तेवढीच मदत. डॉक्टर बिचारे सहज बोलून गेले. बाईंनी त्याचा धर्म केला.

सकाळी गोळी तळहातावर ठेवून फोटो. गोळी गिळल्यावर रिकाम्या तळहाताचा फोटो. गॅसचं बटण बंद केल्याचा, कुलूप लावल्याचा, मोरीचा नळ बंद असल्याचा. भाजीवालीच्या टोपलीचा, आणि त्यातली मेथी आपल्या पिशवीत आल्याचा. दारात आलेल्या प्रत्येकाचा तर ठरलेलाच. महिन्याकाठी रेल्वे गेटाजवळच्या स्टुडिओतून फोटो छापून यायचे आणि हॉलच्या भिंतीवर, कपाटाच्या दारावर, फ्रिजवर चढायचे. त्या घरात चहा प्यायला बसणं म्हणजे शेदोनशे माणसांच्या नजरेखाली बसणं. त्यात निम्म्याहून जास्त दूधवाले, गॅस सिलिंडरवाले आणि वर्गणी मागायला आलेली मंडळं.

फोटोखाली बाई एक अक्षर लिहीत नसत. मी एकदा शहाणपणा शिकवायला गेलो. म्हटलं, "बाई, खाली नाव, प्रसंग लिहून ठेवलात तर सोपं नाही का जाणार?"

"हयातभर इतिहास शिकवला मी, सर," बाई म्हणाल्या. "लिहिणारा कुणाच्या पगारावर होता ते आधी बघायचं असतं."

"पण लिहिणाऱ्या तुम्हीच ना?"

"मग तर मुळीच नको."

असा सगळा खाक्या. वर या बाईला आपल्या दुखण्याची लाज तर नव्हतीच, उलट आमच्यासारख्या धडधाकट डोक्याच्या लोकांची कीव यायची. "तुम्हाला आठवतं म्हणजे काय होतं? सोयीचं तेवढं राहतं आणि बाकीचं गळतं. माझं निदान सरसकट जातं," हे त्यांचं आवडतं वाक्य. दुसरं आवडतं वाक्य, जे शेजारीपाजारी सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलं होतं: "जो फोटोत नाही, तो नव्हता."

या वाक्याचा उगम मला ठाऊक आहे, कारण तो हॉलमध्ये टीव्हीच्या वर, सोनेरी फ्रेममध्ये लटकत होता. आमच्या गल्लीत एक वकील राहत. गल्लीतला मोठा माणूस. गणपतीच्या मंडळाचे अध्यक्ष, कुणाच्याही बारशाला गेले तरी चार शब्द बोलणारे. एका वर्षी आरतीच्या वेळी मांडवात बाईंना मोठी फिट आली. शुद्धीवर आल्यावर जो तो सांगू लागला: मी तुमचं डोकं मांडीवर घेतलं, मी कुशीवर वळवलं, मी पाणी आणलं, मी रिक्षा बघायला धावलो. त्यांच्या मते त्या मांडवात एवढी सेवा झाली होती की फिट यायला जागाच उरली नसती. बाईंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं. मग एका कॉलेजच्या मुलीनं सगळ्या गोंधळात काढलेला फोटो मागवून घेतला. फोटोत सेवा कुठेच नव्हती. गर्दी चार हात लांब उभी होती, आणि अध्यक्ष महाशय वाकून आपल्या पायातली चप्पल बाईंच्या नाकाला लावत होते. धुतलेली पण नव्हे.

बाईंनी तो मोठा करून फ्रेम केला. पुढच्या वर्षी वकील वर्गणीचं पावतीपुस्तक घेऊन आले, सोफ्यावर बसले आणि चहाचा कप तोंडाला लावता लावता त्यांची नजर वर गेली. फिट चप्पल हुंगवून थांबत नाही, हे त्या माणसाला एलएलबी होऊनही ठाऊक नव्हतं. पण आपण फोटोत बरे दिसत नाही, हे बरोबर कळलं.

"बाई, हे जरा... लोक काय म्हणतील?"

"लोक काय म्हणतात ते मला आठवत नाही," बाई म्हणाल्या. "बिस्कीट घ्या."

मला बाईंचा राग यायचा. उगीच कशाला सोंग करू? फोटोसाठी पायरीवर थांबवलं की माझा पहिला तास चुकायचा. माझी आई गावाहून भेटायला आली तेव्हा तिलाही भिंतीला उभं केलं. म्हातारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आणि हे सगळं करताना बाईंचा तोरा असा, की जगाचा पंचनामा यांनाच सोपवलाय.

तरी एकदा मला त्यांच्यावर रागावता आलं नव्हतं. शाळेतल्या जुन्या मैत्रिणी बाईंना कणकुंबीला घेऊन गेल्या होत्या. परत आल्या त्या रात्री फिट आली आणि सहल पुसली गेली. आठवड्यानं बाई जिन्यात फोटो घेऊन बसलेल्या. झाडी, ओली वाट, डबे सोडून बसलेल्या बायका, आणि दगडांमधून येणारी पाण्याची बारीकशी धार. तिच्याशेजारी बाई पदर खोचून उभ्या, तोंडभर हसत.

"ही नदी हो?" त्यांनी विचारलं. "इथनंच निघते म्हणं. एवढंसंच पाणी आहे?"

मी गेलो नव्हतो, काय सांगणार?

"मी एवढी कशाला हसले असेन?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी तो फोटो पालथा करून मांडीवर ठेवला. मला त्या वेळी फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा मला पायरीवर थांबवलं तेव्हा ते ओसरलं.

बाईंचं लग्न झालेलं नव्हतं. गाव बेळगावपासून जवळच, शेतीवाडीचं घर. फिटवाली मुलगी म्हणून स्थळ बघायला कुणी आलं की धाकट्या बहिणीला पुढे करायचे आणि हिला मागच्या खोलीत धान्याच्या पोत्यांजवळ बसवून बाहेरून कडी लावायचे. बाईंना त्या खोलीचा कोपरान् कोपरा आठवायचा. तिथला फोटो मात्र नव्हता. "तिथला लागतच नाही," म्हणायच्या. त्याच खोलीत दिव्यावर अभ्यास करून बाई शिकल्या, नोकरीला लागल्या, आणि स्वतःच्या पगारातून टिळकवाडीत हे घर बांधलं. तेव्हा कुठे गावातल्या भावाला आक्काची माया आठवली.

मग गावात लक्ष्मीची जत्रा आली. बेळगाव भागातल्या गावांत ही जत्रा वर्षानुवर्षांनी येते, आणि आली की गाव वेडं होतं. घरं रंगवतात, लेकीबाळी येतात, कोण कुणाचा न विचारता पंगतीवर पंगती उठतात. देवी खांद्यावर घेऊन नाचवतात आणि हळदीचा भंडारा एवढा उधळतात, की रस्ते, म्हशी, माणसं सगळं पिवळं. भावाचं बोलावणं आलं. बाईंनी मला बरोबर घेतलं. प्रेमानं नव्हे. "गर्दीत माझे हात अडकतात. फोटो काढायला कुणीतरी हवं," म्हणाल्या. मटणाच्या जेवणाकडे बघून मी हमाली पत्करली.

सूचना आधीच मिळाल्या होत्या. "देवीचा फोटो नको. देवी मला आठवते. मी कुणाशी बोलतेय ते घ्या."

देवळापुढे हलग्यांचा असा दणका, की छातीतली हाडं वाजत होती. बाईंच्या एका बाजूला भाऊ, दुसऱ्या बाजूला भावाचा मुलगा. भावानं बाईंच्या ओंजळीत भंडारा भरला आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी ओरडला. बाईंनी मान हलवली की हलगीच्या तालावर ती हलली, देव जाणे. मग तिघांनी हात वर केले. मी फोटो काढला. पुढच्या क्षणी भंडारा आभाळात गेला आणि त्यातला बराचसा माझ्या तोंडात आला.

संध्याकाळी भावाच्या घरी बाईंना फिट आली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षात घालून घरी आणलं. बाईंना गावाच्या कमानीपर्यंत आठवत होतं, पुढचं सगळं साफ.

महिनाभरानं भाऊ आणि पुतण्या टिळकवाडीला आले. बरोबर गूळ, शेंगा आणि कोंबडी. एवढी माया बघून मला संशय आलाच होता. मीटरचा काहीतरी घोळ होता म्हणून मी खालीच होतो. भावानं चहा संपवला, मिशी पुसली आणि विषय काढला.

"आक्का, मग कवा येतीस ऱ्हायाला?"

"कुठं?"

"गावाकडं. द्येवीम्होरं भंडारा उचललास न्हवं? घर पोराच्या नावावर करते आनि गावाकडं येते म्हणून?"

आमच्या भागाबाहेरच्या माणसाला यातलं वजन कळणार नाही. भंडारा उचलून दिलेला शब्द म्हणजे संपलं. स्टॅम्पपेपर फिरवता येतो, कोर्टातून स्टे आणता येतो, भंडारा फिरवता येत नाही. तो मोडला तर घरादाराचं वाटोळं होतं, असं मानणारी माणसं आहेत आणि बाई त्यांतल्याच होत्या. शिवाजी-औरंगजेबावर तासन्‌तास बोलणारी ही बाई देवीपुढे लहान पोर व्हायची.

"मी असं बोलले?" बाईंचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

"आत्ती, तुझ्याच मोबाईलमदी बघ की," पुतण्या म्हणाला. बाईंच्या धर्माची पोथी कुठे ठेवलेली असते, ते त्यानं नीट हेरलं होतं. "तूच म्हणतीस न्हवं, फोटो खोटं बोलत न्हाय म्हणून?"

बाईंनी मोबाईल काढला. फोटो होताच, मीच काढलेला. भज्याच्या पिठात बुडवलेल्या मिरच्यांसारखी तीन माणसं. फेट्यावरून भाऊ, गॉगलवरून पुतण्या, उजव्या हातातल्या घड्याळावरून बाई. तिघांचे हात वर. बाईंच्या ओंजळीत भंडारा.

बाई फोटो मोठा करून बघू लागल्या. त्या घराचं दार, तो जिना, फ्रिजवरचे दूधवाले, हे सगळं जाणार आणि बदल्यात पोत्यांची खोली मिळणार, हे त्यांना दिसत होतं. तिथे गोळ्यांऐवजी अंगारा मिळाला असता. मला राहवलं नाही.

"बाई, मी होतो तिथं. शब्दबिब्द काही दिला नाही तुम्ही."

बाईंनी वर पाहिलं. "यांनी माझ्या कानात काय सांगितलं, ते ऐकू आलं तुम्हाला?"

"हलग्या चालू होत्या..."

"मग गप बसा, सर. भाडेकरू मालकिणीच्या बाजूनंच आठवणार."

ही कृतज्ञता! मी मीटरकडे तोंड केलं. भाऊ खूश झाला. पुतण्यानं घराच्या छताकडे एक नजर टाकली, बहुतेक वर मजला किती चढेल याचा अंदाज घेत होता.

"भंडारा उचललाय," बाई शेवटी म्हणाल्या. "खरं हाय. फोटो हाय." भावाशी बोलताना त्यांची भाषा गावाला जाऊन यायची. "आनि ह्यो फेटेवाला कोण?"

"मी की, आक्का."

"आनि ह्यो?"

"मी, आत्ती."

"तुमच्याबी हातात भंडारा हाय."

"जत्रा हाय गं आक्का," भाऊ हसला. "जत्रंत समद्यांच्याच हातात असतोय."

बोलून गेल्यावर तो हसायचा थांबला. पुतण्यानं बापाकडे असं पाहिलं, की कोंबडी तिथेच मान टाकेल.

"म्हंजे माझ्या हातातला शब्दाचा आनि तुमच्या हातातला जत्रंचा?" बाईंनी मोबाईल त्या दोघांकडे फिरवला. "न्हाय. उचलला तर तिघांनी उचलला. मी माझा शब्द दिला, तुम्ही तुमचा दिलासा. ह्या घराचं नाव परत काढणार न्हाय म्हणून दोघांनी भंडारा उचललासा. आठवत न्हाय?"

"आत्ती, तुलाच कायबी आठवत न्हाय!" पुतण्या ओरडला.

"मला फिट येत्यात, बाबा. तुम्ही कसं विसरलासा?"

मग बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "असं करूया. उद्या जाऊया द्येवळात. तिघं परत भंडारा उचलूया. जत्रंत काय झालं ते खरं खरं द्येवीला सांगूया. पयला तू सांग, भावा."

भावानं पोराकडे पाहिलं. पोरानं गॉगल खिशातून काढून पुन्हा खिशात ठेवला. तो म्हातारा लोभी होता, पण देवीला भिणारा होता. "बसचा टाईम झाला," असं म्हणून तो उठला. कोंबडी तशीच राहिली. बाईंनी दोघांचा पाठमोरा फोटो काढला आणि मला म्हणाल्या, "मीटरचं काय झालं?"

भंडाऱ्याचा फोटो मोठा होऊन वकिलांच्या चपलेशेजारी लागला. येईल त्याला बाई तो दाखवायच्या: "हा माझा भाऊ, हा त्याचा मुलगा. घराचं नाव काढणार नाही म्हणून देवीपुढे शब्द देतायत." सांगताना डाव्या डोळ्यानं माझ्याकडे बघून हसायच्या. खोटं बोलण्याचं सुख त्या बाईला फार उशिरा मिळालं होतं, आणि त्या ते पुरवून पुरवून खात होत्या.

नंतर मी लग्न करून अपार्टमेंटमध्ये राहायला गेलो. मध्यंतरी बाईंना ओळीनं मोठ्या फिट आल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं असं कळलं. घरी आल्यावर भेटायला गेलो. दार उघडलं. मोबाईल निघाला. मी न सांगता भिंतीला टेकून उभा राहिलो. बराच वेळ शोधून बाई म्हणाल्या, "हं. तुम्हीच. या."

चहा दिला आणि त्या भिंतीकडे गेल्या. "हा बघितला का फोटो? हा माझा भाऊ, हा त्याचा मुलगा. या घराचं नाव काढणार नाही म्हणून देवीपुढे भंडारा उचलून शब्द दिला होता बघा मला." मी त्यांच्या डाव्या डोळ्याकडे बघत राहिलो. तो हसला नाही. "चांगली माणसं आहेत," बाई म्हणाल्या. "माझ्या मागं हे घर त्यांनाच द्यावं म्हणते."

मी कप खाली ठेवला. काय बोलायचं? खरं सांगावं तर पुरावा कसला, आणि खोट्याचा तर फोटो भिंतीवर.

"बाई, ती माणसं चांगली नाहीत," मी म्हटलं. "असा शब्द त्यांनी कधी दिलाच नव्हता. मी होतो तिथं."

बाईंनी चष्मा लावला. फ्रेमजवळ तोंड नेऊन फेटेवाल्याला पाहिलं, गॉगलवाल्याला पाहिलं, मागच्या गर्दीतला एकेक पिवळा चेहरा बोट फिरवून पाहिला. मग माझ्याकडे वळल्या.

"कुठं आहात यात?"

"मी फोटो काढत होतो."

गृहपाठ न करता आलेल्या पोराकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"मग तुम्ही नव्हता," बाई म्हणाल्या. "बिस्कीट घ्या."